आठ वाजून पाच मिनिटांनी: खानदेशातील एका बुद्धिबळ व कोडिंग मंडळातल्या मुली

पार्श्वभूमी

हे प्रकरण खानदेशातील तालुक्याच्या एका गावी असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आहे. गाव, संस्था आणि माणसे यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ज्या विद्यार्थिनीभोवती हे सारे घडले तिला मी इथे सुनंदा म्हणतो. मी संगणक विभागात शिकवतो आणि तेव्हा महाविद्यालयाचे 'बुद्धिबळ व कोडिंग मंडळ' माझ्याकडे होते. बुद्धिबळ आणि प्रोग्रॅमिंग एकाच मंडळात असण्यामागे काही थोर विचार नव्हता. दोन वेगळी मंडळे चालवण्याइतका निधी नव्हता आणि दोन्हीकडे तीच दहा-पंधरा मुले येत, एवढेच कारण.

आमच्याकडचे निम्मे विद्यार्थी वसतिगृहात राहतात आणि उरलेले वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या गावांहून एसटीने ये-जा करतात. बहुतेकांच्या घरी कापूस आणि मका आहे, काहींकडे केळी आहे. गेल्या काही वर्षांत संगणक शाखेत मुलींची संख्या झपाट्याने वाढली, कारण पालकांच्या लेखी हे 'सावलीतले काम' आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे झाले आणि २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले, तेव्हा उरलासुरला अडथळाही बराच कमी झाला. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या मध्यावर संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुलींचे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होते आणि पुढे ते विसाच्या खाली घसरले. आमच्या वर्गांत मात्र उलटा प्रवास झाला. म्हणून मुली या विषयाकडे का वळत नाहीत हा आमचा प्रश्नच नव्हता. त्या वळल्या होत्या. तिसऱ्या वर्षाच्या ६२ जणांच्या वर्गात २८ मुली होत्या आणि परीक्षेतल्या पहिल्या दहांत सहा.

स्पर्धेचे चित्र निराळे होते. कोडफोर्सेस आणि कोडशेफ या संकेतस्थळांवर ठरलेल्या वेळेत प्रोग्रॅम लिहून प्रश्न सोडवण्याच्या स्पर्धा होतात; त्यांत नियमित भाग घेणारे आमचे २६ विद्यार्थी होते, त्यांत दोन मुली. आंतरमहाविद्यालयीन बुद्धिबळ स्पर्धेत महिलांच्या संघासाठी चार पटांवर चार खेळाडू लागतात. सलग चार वर्षे आमचा तो अर्ज कोराच राहिला होता.

प्रश्न कसा समोर आला

दरवर्षी जुलैत मी फळ्यावर सूचना लावत असे: 'इच्छुकांनी नावे द्यावीत.' त्यावर मुलांची नावे येत, मुलींची येत नसत, आणि मुलींना यात रस नाही असा निष्कर्ष काढून मी मोकळा होत असे. आज मागे वळून पाहता या प्रकरणातला पहिला चुकलेला निर्णय हाच होता, आणि तो निर्णय आहे हेही मला तेव्हा कळले नव्हते.

त्या वर्षीच्या अंतर्गत बुद्धिबळ स्पर्धेत दुसऱ्या वर्षाच्या सुनंदाचे नाव तिच्या मैत्रिणीने गंमत म्हणून घातले. घरी ती आजोबांबरोबर खेळत असे. आपल्याकडे कोऱ्या कागदावर आखलेल्या पटावर, फुटक्या प्याद्याच्या जागी बाटलीचे झाकण ठेवून खेळतात, तसे. स्पर्धा स्विस पद्धतीची होती, म्हणजे हरणारा बाहेर पडत नाही आणि प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते. पहिल्या दोन फेऱ्यांत तिने शेवटच्या वर्षातल्या दोघांना हरवले. दुसऱ्या डावात घोड्याने एकाच वेळी राजाला शह आणि हत्तीवर मारा केला, तो डाव मी स्वतः पाहिला. तिसऱ्या फेरीत ती हरली. चौथ्या फेरीला ती आलीच नाही आणि निकालपत्रकावर तिच्या नावापुढे 'अनुपस्थित, ०' असे लागले.

चौथी फेरी पावणेसहाला सुरू झाली होती. तिच्या गावाची शेवटची गाडी साडेपाचला सुटते.

एवढेच असते तर गाडीचा प्रश्न म्हणून मी तो सोडवून टाकला असता. पण पुढच्या आठवड्यापासून ती मधल्या सुट्टीतही पटापाशी येईनाशी झाली. कारण मला उशिरा कळले. दुसऱ्या फेरीत तिने हरवलेल्या मुलाला त्याचे मित्र 'पोरीने मात दिली' म्हणून दिवसभर चिडवत होते. त्यानंतर ती कुणाशीही खेळायला बसली की पटाभोवती दहा जण गोळा होत. ती जिंकली तर समोरच्याची फजिती होई, हरली तर 'ते दोन डाव नशिबाने जिंकली' असे ठरे. साधा, विसरून जाण्यासारखा एक डाव खेळण्याची सोय तिच्यासाठी उरली नव्हती. मुलांना ती होती. एक मुलगा सलग सात डाव हरला तेव्हा कुणी मान वर करूनही पाहिले नव्हते, आणि माझ्या मते त्या सात डावांतच तो खेळायला शिकला.

कारणांचा शोध

मी आधी छापील प्रश्नावली वाटली. जवळपास सगळ्या मुलींनी 'वेळ नाही' असे लिहिले आणि मी ते शब्दशः घेऊन पुन्हा चुकलो; अभ्यासाच्या ताणामुळे वेळ नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. खरी माहिती आमच्या प्रयोगशाळा सहायक ताईंनी काढली. त्या दुपारी मुलींबरोबर डबा खातात. तीन आठवड्यांत त्यांनी जे ऐकले ते मला एका कागदावर लिहून दिले.

कोडफोर्सेसच्या बहुतेक फेऱ्या आपल्या वेळेनुसार रात्री ८ वाजून ५ मिनिटांनी सुरू होतात आणि दोन तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ चालतात. कोडशेफची साप्ताहिक स्पर्धा बुधवारी रात्री आठची. ही वेळ कुणी मुलींविरुद्ध ठरवलेली नाही. कोडफोर्सेस रशियातले आहे आणि तिथे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच होऊन गेलेले असतात. पण आमच्या गावांत रात्री आठ म्हणजे भाकरी थापण्याची, ताटे वाढण्याची आणि मग भांडी घासण्याची वेळ. त्या वेळी घरातला मुलगा लॅपटॉप घेऊन बसला तर तो अभ्यास करत असतो. मुलगी बसली तर आई चुलीपाशी एकटी पडते. ताईंनी कागदावर पुढे लिहिले होते की ज्यांच्याशी बोलणे झाले त्या चौदापैकी नऊ मुलींच्या घरी लॅपटॉप भावाबरोबर वाटून घ्यावा लागतो आणि रात्री तो भावाकडे असतो. वसतिगृहातल्या मुलींना भाकरी थापायची नव्हती, पण त्यांच्याकडे इंटरनेट फक्त वाचनालयात होते आणि वाचनालय आठला बंद होत असे.

दुसरी गोष्ट गुणांकनाची. या स्पर्धांत प्रत्येकाचा गुणांक, म्हणजे आजवरच्या कामगिरीवरून ठरणारा आकडा, सर्वांना दिसतो आणि नावाचा रंगही त्यावरून ठरतो. १२०० च्या खाली राखाडी, त्यावर हिरवा, आणि असेच पुढे. नवख्याला लगेच खाली घसरल्यासारखे वाटू नये म्हणून कोडफोर्सेसने २०२० मध्ये नव्या खात्याचा गुणांक शून्यापासून दाखवून पहिल्या सहा स्पर्धांत हळूहळू वर नेण्याची पद्धत आणली. तरीही सुरुवातीचे कित्येक महिने राखाडीतच जातात. मुले तो राखाडी रंग बिनदिक्कत मिरवत. मुलींपैकी एक ताईंना म्हणाली, 'परीक्षेत कमी पडले तर मला आणि सरांना कळतं, इथे साऱ्या जगाला कळतं.' आयुष्यभर पहिल्या पाचांत राहिल्यामुळेच ज्यांना घरून शिकायला परवानगी मिळाली, त्यांना जाहीरपणे शेवटून पाचवे येण्याची चैन परवडत नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, वाईट हेतूने नव्हे, असे मत मांडले की या दोन क्षेत्रांत पुरुषांची बुद्धी मुळातच अधिक चालते, पहिल्या शंभरांची यादी पाहा. यादी त्यांनी बरोबर सांगितली होती: जगातल्या पहिल्या शंभर बुद्धिबळपटूंत स्त्री क्वचितच असते. पण बिलालिच आणि सहकारी या संशोधकांनी २००९ मध्ये जर्मन बुद्धिबळ महासंघाच्या खेळाडूंच्या गुणांकांवरून दाखवले होते की अव्वल शंभर पुरुष आणि अव्वल शंभर स्त्रिया यांच्यातला बहुतांश फरक, त्यांच्या हिशेबाने ९६ टक्के, खेळणाऱ्यांच्या संख्येतल्या तफावतीनेच स्पष्ट होतो. ज्या गटात माणसे जास्त, त्या गटातला सर्वोत्तम माणूस अधिक उंचावर असणार. या आकड्यावर पुढे आक्षेपही घेतले गेले आणि तो अंतिम मानू नये. शिवाय मुळात संख्या कमी का, हे त्यातून कळत नाही. आम्हाला नेमके तेच हवे होते.

मनोवैज्ञानिक दबावाविषयीचे पुरावेही एकमुखी नाहीत. २००८ च्या एका इटालियन प्रयोगात सारख्या ताकदीच्या स्त्री-पुरुषांच्या ४२ जोड्या ऑनलाइन खेळल्या. समोर पुरुष आहे हे माहीत असताना स्त्रियांचा खेळ खालावला, आणि समोर स्त्री आहे असे (खोटेच) सांगितल्यावर तो बरोबरीचा झाला. उलट २०१८ मध्ये संशोधक स्टॅफर्ड यांनी प्रत्यक्ष स्पर्धांतले लाखो डाव तपासले, तेव्हा पुरुषांसमोर स्त्रिया अपेक्षेपेक्षा किंचित सरसच ठरल्या. मला वाटते, स्पर्धांत टिकून राहिलेल्या स्त्रिया वेगळ्या आणि तिसऱ्या फेरीनंतर घरी गेलेली सुनंदा वेगळी.

प्रत्यक्ष पर्याय चार होते. आहे तसे चालू द्यावे, हा पहिला. प्रत्येक मुलीला एक स्पर्धा सक्तीची करावी, हा दुसरा. तो प्राचार्यांना आवडला होता, पण सक्तीने आलेली मुलगी हरली तर ती कायमची जाईल अशी मला भीती वाटली. तिसरा, फक्त मुलींसाठी वेगळी स्पर्धा. चौथा, स्पर्धा तीच ठेवून वेळ आणि जागा बदलणे.

तिसऱ्या पर्यायावर आम्ही सर्वांत जास्त वाद घातला. बुद्धिबळाचा इतिहास दोन्ही बाजूंना दाखले पुरवतो. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. मग १९७६ मध्ये त्यांची धाकटी बहीण रोहिणी तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, त्यावरून गदारोळ झाला आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा द्यावा लागला. हंगेरीची युडिट पोल्गार महिलांच्या जगज्जेतेपदासाठी कधीच खेळली नाही आणि २००५ मध्ये सर्वांच्या यादीत आठव्या क्रमांकावर पोहोचली. तर आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्या विजयानेच तिला ग्रँडमास्टर हा स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच असलेला सर्वोच्च किताब मिळाला. वेगळ्या दाराने शिरून ती मुख्य घरातच पोहोचली. (जाता जाता: मराठीत पटावरचा सर्वांत बलवान मोहरा वजीर आहे, इंग्रजीत राणी. मराठीतही तो राणी असता तरी आमच्या मुलींची शेवटची गाडी साडेपाचलाच सुटली असती.)

कृती

आम्ही घाईने तिसरा पर्याय निवडला आणि तोही चुकीच्या पद्धतीने. 'फक्त मुलींसाठी' म्हणून जी प्रोग्रॅमिंग स्पर्धा घेतली तिच्यातले प्रश्न मी सोपे काढले. एकोणीस मुली आल्या, तेरा जणींनी सगळे प्रश्न अर्ध्या तासात सोडवले. बक्षीस समारंभानंतर त्यांच्यातल्या एकीने शांतपणे विचारले, 'सर, मुलांना दिलेले प्रश्न आम्हाला कधी मिळणार?' माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतर आम्ही चौथ्याकडे वळलो. कोडफोर्सेसवर झालेली स्पर्धा नंतर कधीही, तेच प्रश्न आणि तेवढाच वेळ लावून, आभासी पद्धतीने सोडवता येते. गुरुवारी ११ ते १ हा तास आम्ही त्यासाठी मोकळा करून घेतला. प्रयोगशाळा दुपारच्या सुट्टीत उघडी ठेवण्याची परवानगी मिळवायलाच पंधरा दिवस गेले. यात एक तोटा होता: आभासी स्पर्धेने गुणांक बदलत नाही. पण सुरुवातीला तोच फायदा ठरला, कारण हरले तरी गुणांक आणि नावाचा रंग तसाच राहत होता. लीटकोड या तशाच संकेतस्थळाची रविवारी सकाळी आठला होणारी साप्ताहिक स्पर्धा आम्ही विचारात घेऊन सोडून दिली. रविवार घरच्या कामाचा आणि त्या दिवशी गाड्याही कमी.

सूचना लावणे बंद केले. मी आणि ताई मुलींना नाव घेऊन, चार-चार जणींना एकत्र बोलावू लागलो, एकटीला कधीच नाही. बुद्धिबळाचे पट उपाहारगृहातून काढून ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मांडले आणि डाव चालू असताना पटापाशी उभे राहायचे नाही हा स्पर्धेतला नियम सरावालाही लावला. पहिले दोन महिने निकाल फळ्यावर लावले नाहीत.

महिला संघासाठी चौघी आणि एक राखीव अशा पाच जणी जमल्या, त्यांत सुनंदा होती. स्पर्धा दोन दिवसांची, जळगावला. मी आणि ताई तिच्या घरी गेलो. वेचणीचे दिवस होते, ओटीवर कापसाचा ढीग पडला होता. तिच्या आईने पहिलाच प्रश्न अहिराणीत विचारला, 'रातले तिले कोन लई येई?' त्याचे उत्तर आमच्याकडे तयार होते: सोबत शिक्षिका असतील, मुक्काम मुलींच्या वसतिगृहात, परतीची गाडी कोणती आणि ती किती वाजता पोहोचेल, सगळे कागदावर लिहून नेले होते. वडिलांचा प्रश्न अवघड होता. 'सर, यातून पोरीला मिळणार काय?' मी म्हणालो, 'भाऊ, अशा मुलींना कंपन्या आधी घेतात.' परवानगी मिळाली. ते वाक्य मात्र मी बोलायला नको होते.

परिणाम

आमचा संघ दोन सामने हरला, एक बरोबरीत सुटला आणि एक जिंकला. सुनंदाने दुसऱ्या पटावर चारपैकी अडीच गुण मिळवले. पुढच्या वर्षी संघ पुन्हा गेला, तीन खेळाडू नव्या होत्या.

दीड वर्षानंतर गुरुवारच्या तासाला येणाऱ्या ३४ जणांत ११ मुली होत्या. आम्हाला अनपेक्षित होते ते असे की नव्याने येऊ लागलेली सहा मुले गावाहून ये-जा करणारी होती. संध्याकाळी त्यांनाही शेतावर मोटार सुरू करायला जावे लागे. रात्रीची वेळ मुलींनाच अडवते असे आम्ही धरून चाललो होतो, पण ज्याच्या घरी काम आहे अशा प्रत्येकाला ती अडवत होती. फरक इतकाच की मुलांपैकी काहींच्या घरी ते काम होते, मुलींपैकी जवळपास सगळ्यांच्या.

रात्रीच्या खऱ्या, गुणांक ठरवणाऱ्या स्पर्धेत मात्र फक्त चार मुली उतरल्या, चौघीही वसतिगृहातल्या. वाचनालय महिन्यातून दोनदा साडेदहापर्यंत उघडे ठेवण्यास वसतिगृहाने मान्यता दिली, त्यामुळे हे शक्य झाले. घरून ये-जा करणाऱ्यांपैकी एकही नाही. सुनंदाने बुद्धिबळ सोडले. प्रोग्रॅमिंगमध्ये ती राहिली. शेवटच्या वर्षी तिला नोकरीसाठीच्या पहिल्या दोन मुलाखतींत यश आले नाही तेव्हा तिच्या वडिलांचा मला फोन आला. ते रागावले नव्हते. त्यांनी फक्त मी दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, कोऱ्या अर्जाकडे माहिती म्हणून पाहायला हवे होते. चार वर्षे 'कुणी आले नाही' असे मी लिहीत गेलो आणि एकदाही आपली चौथी फेरी किती वाजता असते हे तपासले नाही. प्रश्नावलीऐवजी सुरुवातीलाच ताईंना विचारले असते तर एक सत्र वाचले असते.

मुलींची वेगळी स्पर्धा घेण्यात आजही मला गैर वाटत नाही, पण प्रश्न तेच ठेवले असते. तिच्यातून मुख्य स्पर्धेत कधी जायचे हेही पहिल्याच दिवशी जाहीर केले असते.

मुलांशी आम्ही काहीच बोललो नाही, ही सर्वांत मोठी उणीव. पट दुसऱ्या खोलीत हलवले म्हणजे गर्दी टळली, चिडवणे थांबले नाही. सुनंदाकडून हरलेल्या त्या मुलाला मी बोलावून त्याच्याच डावाचे विश्लेषण त्याला वर्गासमोर करायला सांगितले असते, तर 'पोरीने मात दिली' याऐवजी 'घोड्याचा दुहेरी मारा दिसला नाही' असे बोलणे सुरू झाले असते. तो मुलगाही नंतर मंडळात आला नाही, आणि त्याचा विचार मी हे लिहायला बसेपर्यंत केला नव्हता.

वडिलांना खरे उत्तर द्यायला हवे होते. मिळेल ते निश्चित सांगता येत नाही, दोन दिवस ती खेळेल आणि सुखरूप परत येईल, इतकेच. त्यावर त्यांनी नकार दिला असता कदाचित. मग तिच्या जागी राखीव खेळाडू घेऊन संघ गेला असता.

आणि सारे काम एका व्यक्तीवर टेकवायला नको होते. ताईंची बदली दुसऱ्या विभागात झाली त्या सत्रात गुरुवारच्या तासाला मुलींची संख्या अकरावरून चारवर आली. या वर्षीच्या वेळापत्रकात तो तास नोकरीपूर्व प्रशिक्षणाला दिला गेला आहे. तो परत मिळावा म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज केला असून त्यावर सतरा सह्या आहेत, त्यांत पाच मुलांच्या. अर्ज त्यांनी मला न विचारता केला. निर्णय अजून झालेला नाही.